खोकल्याचा नंबर

खोकला हा रोग नव्हे, असं मला वरच्या ऑफिसाने एका वर्षात तीनदा लेखी कळवलं. तिन्ही पत्रं इंग्रजीत होती आणि तिन्हींचा मजकूर जवळपास एकच. खोकला हे लक्षण आहे, निदान नाही. तरी तक्ता दुरुस्त करून उलट टपाली पाठवावा.

मी तेव्हा पालमकडच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात होतो. कारकून मीच आणि कंपाउंडरही मीच. डॉक्टर पन्नाशी ओलांडलेले, हैदराबादेत उर्दूतून शिकलेले. त्यांच्या रजिस्टरात छातीच्या तक्रारींसाठी चारच शब्द असत : नजला म्हणजे पडसं, खांसी म्हणजे खोकला, शिवाय दमा आणि बुखार. निजामाच्या काळापासून ते चार शब्द वर जात होते आणि कुणाची काही हरकत नव्हती.

मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि पुढच्याच वर्षी नवा तक्ता आला. सोबत रोगांची छापील यादी. दर रोगाला एक नंबर. पडशाला चारशे सत्तर, दम्याला दोनशे एक्केचाळीस, श्वासनळीच्या सुजेला पाचशे एक. महिनाअखेरीला डॉक्टरांचं उर्दू वाचायचं, त्याचा रोग ठरवायचा आणि त्या नंबरापुढे रेघ ओढायची, हे काम माझ्याकडे आलं. खोकल्यालाही नंबर होता, सातशे त्र्याऐंशी, यादीच्या अगदी शेवटी, जिथे बाकी कुठेच न बसणारी दुखणी टाकली होती. मी इमानदारीने बहुतेक रेघा तिथे ओढल्या. तक्ता परत आला.

मी पत्र घेऊन डॉक्टरांकडे गेलो. "साहेब, हा खोकला कशाचा, ते लिहायला सांगतात."

"माझ्याजवळ काय हाय?" त्यांनी गळ्यातली नळी उचलून दाखवली. "हे हाय आणि दोन कान हायत. थुंकी तपासायची सोय न्हाई, फोटो काढायची न्हाई. जे माहीत न्हाई ते मी कसं लिहू, मुन्शी?"

"मग मी काय लिहू?"

"खांसी लिहा."

हे संभाषण आमच्यात दर महिन्याला होई. डॉक्टरांचं बरोबर होतं, याचाच मला जास्त राग येई. शेवटी एका महिन्यात कंटाळून मी सगळे खोकले पाचशे एकमध्ये ढकलले. तर पंधरा दिवसांत नवं पत्र : आपल्या भागात श्वासनळीच्या सुजेची साथ आली आहे काय? असल्यास आधी का कळवले नाही? खुलासा करावा.

खुलासा मी लिहिला. कसा लिहिला ते आता आठवत नाही आणि आठवावंसंही वाटत नाही. त्यानंतर मात्र मी शहाणा झालो. म्हाताऱ्यांचे खोकले दम्यात टाकायचे, लेकरांचे पडशात, उरलेले सुजेत. एकाच माणसाचाही वेगवेगळ्या वेळी वेगळा. सगळ्या रकान्यांत थोडं थोडं पडलं की तक्ता कसा भरल्यासारखा दिसे. तो कधीच परत आला नाही. खरं लिहिलं तेव्हा तीन पत्रं, आणि अंदाजपंचे लिहायला लागल्यापासून सगळं चिडीचूप. मला त्याची चीड येई, पण सुटल्यासारखंही वाटे, हे कबूल केलं पाहिजे.

त्या हिवाळ्यात कोसभरावरच्या वाडीतून एक बाई येऊ लागली. तिशीची असेल. घरी मेंढरं होती, नवरा कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलेला. ती मागे राहून दोन लेकरं आणि आजारी कोकरं सांभाळत होती. आली की बाकावर न बसता भिंतीला टेकून जमिनीवर बसे. कागदाची चिठ्ठी दर वेळी हरवलेली. मी दर वेळी नवी देई, म्हणजे रजिस्टरात ती दर वेळी नवी रोगी. डॉक्टर छाती ऐकत, लाल औषधाची बाटली देत, ती निघून जाई.

एकदा गर्दी ओसरल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"मुन्शीदादा, माझ्या नावाम्होरं काय लिवायलाव?"

"नंबर."

"कशाचा?"

"रोगाचा. या वेळी सूज लिहिलीय."

"आन् मागल्या बारीला?"

मी आधीच वैतागलो होतो. तक्ता पाठवायचा शेवटचा दिवस, बाहेर टपालवाला थांबलेला. "आक्का, ते कशाला पाहिजे?"

"औषीद तेच द्यायलाव. दुखनं बी तेच हाय. रातच्याला घाम येतो, ढास लागली की पोटात पीळ पडतो. म्हनून इचारलं."

तिला गप्प करावं म्हणून मी मागची पानं उलटली. उर्दू शब्द डॉक्टरांचा, त्याच्यापुढे पेन्सिलीने रोगाचं नाव आणि नंबर माझा. आश्विनात पडसं. कार्तिकात सूज. मार्गशीर्षात दमा. आता परत सूज. डॉक्टरांनी चारही वेळा एकच शब्द लिहिला होता, खांसी. तो चार पानांवर चार महिने तसाच होता, आणि मी त्याच्यावर तीन वेगवेगळे रोग चढवून ठेवले होते. खोकला खोकला म्हणूनच राहू दिला असता आणि चिठ्ठी जुनी धरली असती, तर एवढे महिने न थांबलेला खोकला कुणाच्या तरी डोळ्यांत भरला असता.

मी रजिस्टर उचललं आणि डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी चारही पानं पाहिली. आधी माझ्यावर चिडले. "हे दमा कुणी लिहिलं? मी लिहिलं?" मग परत पहिल्या पानावर गेले. "चार वेळा पाहिलं मी हिला," ते म्हणाले, "आणि चारही वेळा पहिल्यांदाच."

त्यांनी तिला परत आत बोलावलं. थुंकीत रक्त पडतं का, विचारलं. तिने मान खाली घातली. पडत होतं, दिवाळीपासून. सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

छातीचा फोटो परभणीला निघणार होता. ती जायला तयार होईना. "कोकरं कोन बगल? घरधनी न्हाई, मी एकली परभनीला कुटं जाऊ?" डॉक्टरांनी समजावलं, रागावून पाहिलं. शेवटी मीच म्हणालो, मी नेतो. शेजारणीकडे लेकरं आणि कोकरं सोपवून ती तिसऱ्या दिवशी निघाली. गंगाखेडपर्यंत मोटार, तिथून रेल्वे. गाडीत ती आयुष्यात पहिल्यांदाच बसली होती. सगळा वेळ पदर तोंडाला लावून खिडकीकडे तोंड करून बसली, दुसऱ्याच्या अंगावर खोकू नये म्हणून. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

फोटोत उजव्या बाजूला क्षय निघाला.

मग सुया सुरू झाल्या, सोबत गोळ्या. ती कोसभर चालत यायची आणि मी सुई टोचायचो. गोळ्यांनी मळमळतं म्हणून ती त्या मेंढरांच्या वाड्यात पुरते, हे मला शेजारणीकडून कळलं. मी तिच्याशी भांडलो. त्यानंतर गोळी माझ्यासमोर गिळायची, असं ठरवलं. रोज ती मला शिव्या घाली आणि गोळी गिळे. नवरा परतला तेव्हा आधी तिला माहेरी धाडायच्या गोष्टी बोलला. डॉक्टरांनी त्याला बोलावून अर्धा तास बसवून घेतलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण तो तिला घेऊन घरी गेला.

मधल्या काळात मी वरच्या ऑफिसात जाऊन हेडक्लार्कना भेटलो. जुन्या तक्त्यांतले तिचे चार नंबर चुकीचे आहेत, दुरुस्त करायचे आहेत, म्हणालो.

"ते महिने बंद झाले," ते म्हणाले.

"पण चूक माझी आहे. मी लिहून देतो."

"तक्ते तर नीट आले होते. आम्ही हरकत कुठं घेतली?"

त्यांनी पुढचा कागद ओढला. अजून कुठल्याशा गठ्ठ्यात तिला पडसं आणि दमा झालेला असेल.

त्या महिन्यापासून मी परत सगळे खोकले सातशे त्र्याऐंशीत लिहायला लागलो आणि खाली टीप देऊ लागलो : निदान झालेले नाही. तक्ता परत येई. मी तीच टीप देऊन तोच तक्ता परत पाठवी. माझी बदली होईपर्यंत हे चालू राहिलं. डॉक्टरांना त्याची मोठी गंमत वाटे, मला कधी वाटली नाही.

बाई वर्ष-सव्वा वर्षाने बरी झाली. अंगावर मांस आलं, खोकला गेला. सुयांनी डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागलं, म्हणून ती मोठ्याने बोले आणि आपण ओरडतोय हे तिला कळत नसे. पुढच्या सुगीला नवऱ्याबरोबर कळपामागे गेली. जाताना दवाखान्याच्या दारात एक घोंगडी ठेवून गेली, डॉक्टरांसाठी. मला म्हणाली, "तुमाला काय न्हाई. तुमी लय कडू गोळ्या चारल्या."