मामांची पेशी

कांदा चिरण्याआधी त्याच्याशी ओळख करून घेणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच निघेल, आणि ते म्हणजे आमचे थोरले मामा. औशाला त्यांच्या घरी पाहुणा टेकला की पाण्याच्या तांब्याआधी कांद्याचा पापुद्रा पुढे यायचा. उदगीरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या काचा धुता धुता मामांची उभी हयात गेली. शिक्षण दहावी नापास. पण जीवशास्त्राच्या नव्या सरांना कपाटापाशी गाठून दोन गोष्टी सुनवायची हिंमत त्यांचीच!

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम पितळेची एक पट्टी असे आणि तिच्यात ज्वारीच्या दाण्याहून लहान काचेचा मणी. बर्नरवर काच वितळवून, बोटं भाजून घेऊन मामांनी तो स्वतः केलेला. असल्याच मण्यातून साडेतीनशे वर्षांमागं एका परदेशी कापडवाल्यानं दातांवरच्या किटणात वळवळणारे जीव पाहिले, हे मामा इतक्या आपुलकीनं सांगत, की मामी एकदा वैतागून म्हणाल्या, "त्या कापडवाल्याला एकदा जेवायला तरी बोलवा!" मामा छाती काढून म्हणत, "त्याच्याकडं बी डिग्री नव्हती. डोळा होता." बाटलीच्या बुचाचा काप बघून त्यातल्या खणांना खोल्या म्हणणाऱ्या साहेबाला मात्र ते कमी मान देत. "रिकाम्या खोल्या बघितल्या त्यानं. राहणारं कुणी दिसलं का?" मामा पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकत, मग प्रत्येक खोलीत एक ठिपका उठून दिसे. तो घरमालक.

सगळा घोळ 'पेशी' या शब्दाचा. आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. "सकाळी पेशी हाय, या बघायला," असं मामांनी सांगितलं की अर्धी गल्ली इस्त्रीचे कपडे घालून हजर! शेजारचे गुरुजी तर सातबारा घेऊन आले होते. "कंच्या कोर्टात?" त्यांनी विचारलं. "माझ्या खिशात," मामा म्हणाले.

खरी पेशीही होतीच म्हणा. शेताच्या बांधावरून मामा आणि त्यांचे सख्खे धाकटे भाऊ बारा वर्षं भांडत होते. पोळ्यालाही एकमेकांच्या दारात पाऊल नाही. मामांना बांधाचं एवढं काही नव्हतं. "त्यानं एकदा मणी डोळ्याला लावावा, बांध गेला चुलीत," असं ते म्हणायचे. साऱ्या गावाला दाखवून झालं होतं. लहानपणी ज्याला पाठुंगळी घेऊन फिरवलं, तेवढा राहिला होता.

मागच्या उन्हाळ्यात तारखेला मी त्यांच्यासोबत गेले होते. पुकारा व्हायला वेळ होता, म्हणून मामांनी व्हरांड्यातच कांद्याचा पापुद्रा लावलेली पट्टी काढली. झालं! शिपाई, वकील, पक्षकार, सगळे रांगेत. रांग संपता संपता बघते तर शेवटी धाकटे मामा उभे. थोरल्या मामांनी भावाच्या मानेला हात लावून पट्टी त्याच्या डोळ्यापुढे धरली.

"हालू नको. उजेडाकडं बघ."

धाकटे मामा बराच वेळ बघत राहिले. "दादा, लई बांध हायेत की ह्यात. ह्यांची भांडणं होत न्हाईत?"

"न्हाई. त्यांच्यात वकील न्हाईत."

वकीलसाहेबही हसले. पुकारा झाला तेव्हा दोघं भाऊ एकाच दारानं आत गेले आणि तडजोड लिहून देऊन बाहेर आले. जे बारा वर्षांत कुणाला जमलं नाही ते माझ्या दहावी नापास मामांनी कांद्याच्या पापुद्र्यावर करून दाखवलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की भर कोर्टात मी त्यांच्या पाया पडले.

यंदा काचबिंदूनं मामांचे दोन्ही डोळे गेले. "जन्मभर काचेच्या थेंबातून बघितलं, आता तो डोळ्यातच बसला," असं म्हणून हसतात, पण मला काही हसू येत नाही. दर रविवारी धाकटे मामा कांदा घेऊन येतात आणि ओसरीवर बसून मणी डोळ्याला लावतात.

"काय दिसायलंय?" मामा विचारतात.

"खोल्या."

"राहणारं कुणी हाय का?"

"हाय की, दादा. समदे घरीच हायेत."