कानबाईपुढे राहिलेली कैची

त्या श्रावणात मी सातपुड्याच्या पायथ्याशी राहायला गेले, तेव्हा माझा देवावरचा विश्वास उडाला होता आणि हे मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी दिवा लावत होते, उदबत्ती फिरवत होते, पण हात जोडले की मन कोरडंच राहायचं. त्याला कारण होतं. जळगावातल्या एका दवाखान्यात मी परिचारिका होते, बाळंतपणाच्या वॉर्डात नऊ वर्षं काढलेली. त्या वर्षीच्या चैत्रात माझ्या हातांत एक बाळ गेलं. जन्मलं तेव्हाच निळं होतं, रडलं नाही. मला शिकवलं होतं तसं मी झटक्यात चिमटे लावले, नाळ कापली, बाळाला घेऊन टेबलाकडे धावले आणि करायचं ते सगळं केलं. डॉक्टर म्हणाले, तुमची काही चूक नाही. पण त्यानंतर प्रत्येक बाळंतपणाला माझा उजवा हात थरथर कापायला लागला. बरोबरच्या मुली बघून न बघितल्यासारखं करायच्या, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. मी आधीपासूनच तापट. त्यात आपल्या कामाचा भारी अभिमान असलेली बाई आणि तिचाच हात कापतोय, यापेक्षा मोठी नामुष्की मला ठाऊक नव्हती.

त्याच सुमाराला एका संस्थेने जळगाव-धुळ्याच्या परिचारिकांसाठी एक अभ्यासदौरा काढला. खेड्यातल्या जुन्या सुइणींच्या घरी पंधरा दिवस राहायचं, त्यांच्या रीतिभाती, गाणी, औषधं वहीत उतरवून घ्यायची, आणि जमेल तसं त्यांनाही स्वच्छतेचं शिक्षण द्यायचं, अशी ती योजना होती. मेट्रनबाईंनी माझं नाव घातलं. मला हवापालट व्हावा हा त्यांचा हेतू मला कळत होता. मी गेले ती मात्र शिकवायला म्हणून. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि सुइणीकडून आपण काही शिकायचं हे मला मान्यच नव्हतं. चोपड्याच्या पुढे एसटी सुटली, केळीच्या बागांमधला चिखलाचा रस्ता संपला, आणि मी भागाअक्कांच्या दारात माझी स्टीलची पेटी घेऊन उतरले. त्या पेटीचा मला केवढा तोरा होता.

भागाअक्का सत्तरीच्या, सडपातळ, एका कानाने कमी ऐकणाऱ्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्या मला काही शिकवताहेत असं कधी दाखवत नसत. नुसतं “चाल” म्हणायच्या आणि मी त्यांच्या मागे जायची. पोटावर तेलाचा हात फिरवून बाळ कसं बसलंय ते त्या सांगायच्या आणि माझी तपासणी दर वेळी तेच सांगायची. कळा लांबल्या की बाळाची वाट मोकळी व्हावी म्हणून घरातल्या पेट्यांची कुलपं उघडायला लावायच्या, बायकांना वेण्या सोडायला सांगायच्या. मी वहीत लिहून घ्यायची आणि मनात हसायची. एका गोष्टीवरून मात्र आमचं रोज वाजायचं. बाळामागून येणारी वार पडल्याशिवाय त्या नाळेला हात लावू देत नसत. “अक्का, बाळ जन्मलं की लगेच कापायची असते, आम्हाला तसंच शिकवलंय,” मी म्हणायची. त्या म्हणायच्या, “नाळनं काम चालू शे, कसाले कापस?” म्हणजे नाळेचं काम अजून चालू आहे, कशाला कापतेस, आणि खाली मान घालून तांदूळ निवडायला लागायच्या.

नागपंचमीनंतरच्या रविवारी भागाअक्कांच्या भाऊबंदांत कानबाई बसली. ज्यांनी खान्देशातली कानबाई पाहिली नसेल त्यांना सांगते, नारळाला नथ-बांगड्या घालून, साडीचोळी नेसवून तिला चौरंगावर बसवतात. नैवेद्याला कणकेचे जाड रोट होतात, बायका गाणी म्हणतात, फुगड्या घालतात, आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी वाजतगाजत तिला नदीला नेतात. मी अंघोळीहून आले तर माझी पेटी उघडी, आणि उकळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवलेली माझी कैची चौरंगावर कानबाईपुढे, हळदीकुंकू लावलेली. मी भडकलेच. भागाअक्का शांतपणे म्हणाल्या, “मना इळा बी ठेवेल शे. तुनी कैची काबरं नही? तिना पाय लागू दे.” खरंच, शेजारी त्यांचा जुना विळा होता. पूर्वी त्या त्यानेच नाळ कापायच्या, आता वर्षाकाठी फक्त त्याची पूजा होई. मी म्हटलं, आता ही पुन्हा उकळावी लागेल. त्या म्हणाल्या, सांजले काढी देसू. मी रुसले. देवावर श्रद्धा उरली नसताना देवीपुढे बसून गाणी म्हणायची, आणि वर आपलं हत्यारही तिच्या पायाशी, हे मला सोसवेना. त्या रागात मी त्या संध्याकाळी पेटी उघडली नाही आणि सकाळीही उघडली नाही. निघण्यापूर्वी पेटी तपासणे हा परिचारिकेचा पहिला धडा. नऊ वर्षांत तो मी एकदाही चुकवला नव्हता.

सोमवारी सकाळी कानबाईला उठवायची तयारी चालू असतानाच मळ्यातून निरोप आला. तिथल्या सुमन नावाच्या सुनेला कळा लागल्या होत्या. तिची आधीची दोन बाळं जन्मतःच गेली होती, म्हणून तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं आम्ही पक्कं ठरवलं होतं, पण दिवस अजून बाकी होते आणि रात्रीच्या पावसाने नाल्याला इतकं पाणी आलं होतं की पलीकडे बैलगाडीसुद्धा जाणार नव्हती. निरोप घेऊन आलेली सुमनची सासू भागाअक्कांचे पाय धरून एवढंच म्हणाली, “अक्का, हाई तरी ऱ्हावो.” मी पेटी उचलली. मळ्यापर्यंतच्या वाटेवर माझा हात पेटीच्या कडीवर कापत होता आणि भागाअक्का ते बघत होत्या.

दोन तास सुमन आढ्याला बांधलेला दोर धरून उकिडवी बसून झुंजली. काय बाई होती! एकदाही ‘मला जमणार नाही’ म्हणाली नाही. बाळ आलं ते माझ्या हातांत. मुलगी होती. निळी, लुळी, आवाज नाही. चैत्रातलं ते बाळच पुन्हा माझ्या हातावर ठेवल्यासारखं वाटलं. मी एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्याने पेटीत चाचपलं. चिमटे होते, दोरा होता, कापूस होता. कैची नव्हती. मी ओरडले, “कैची कुठंय?” भागाअक्कांचा चेहरा पांढरा पडला. “कानबाईपुढे ऱ्हायनी,” त्या म्हणाल्या, “मी इसरी गऊ.” त्यांच्या गाठोड्यात नवं कोरं ब्लेड असतं हे मला माहीत होतं. मी हात पुढे केला, “ब्लेड द्या, लवकर द्या.” त्यांनी गाठोडं गुडघ्याखाली घेतलं. मग माझा तो कापणारा हात आपल्या हातात धरला आणि माझी दोन बोटं नाळेवर टेकवली. “देख,” त्या म्हणाल्या, “काय लागस?”

नाळ नाडीसारखी उडत होती. मंद, पण उडत होती. नऊ वर्षांत मी शेकडो नाळा कापल्या, पण त्यातल्या एकीवरही कधी बोट ठेवून बसले नव्हते. माझ्याजवळ तेवढा वेळच नसायचा, किंवा आता वाटतं, धीर नसायचा. “जित्ती शे,” भागाअक्का म्हणाल्या. “माय तिले अजून देई ऱ्हायनी. तू धरी ठेव.” त्यांनी बाळाचं तोंड बोटाला गुंडाळलेल्या मऊ फडक्याने पुसलं आणि पाठ चोळायला घेतली. माझ्याकडे करायला काही नव्हतं. हातात हत्यार नाही, पळायला टेबल नाही. दुरून कानबाईची गाणी ऐकू येत होती, मिरवणूक नदीकडे निघाली होती. मी डोळे मिटले. कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडून आपोआप ‘आई’ असा शब्द निघाला. तो कानबाईला होता की कुणाला, मला माहीत नाही. मी एवढंच म्हटलं की आई, माझ्याने आता काही होत नाही, तू बघ. आणि माझ्या बोटांखालचे ठोके जोरात लागायला लागले. आधी थोडे, मग भराभर. बाळाने आचका दिला. छातीवर गुलाबी रंग आला, ओठांवर आला. मग ती रडली. सुमन दोर सोडून खाली बसली आणि रडू लागली. तिची सासू रडली, मीही रडले. भागाअक्का तेवढ्या रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. “आते हात देख तुना,” त्या म्हणाल्या. मी पाहिलं. हात कापत नव्हता.

नाळेतले ठोके आपोआप थांबले, वार पडली, मग भागाअक्कांनी गुडघ्याखालून गाठोडं काढलं आणि ब्लेड माझ्या हातात दिलं. गावात परतल्यावर अंघोळी करून आम्ही ओल्या केसांनीच नदीवर धावलो, पण कानबाई गेली होती. बायका रिकामा चौरंग घेऊन परत येत होत्या आणि त्याच्यावर विळ्याशेजारी माझी कैची होती. त्यांच्यातली एक म्हणाली, देवीनेच ती ठेवून घेतली. भागाअक्का म्हणाल्या, “नही व माय, मीच इसरी गऊ.” पण पन्नास वर्षांत ही बाई बाळंतपणाला निघताना काही विसरल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. मी त्यावर वाद घातला नाही, आजही घालत नाही. कैची पेटीत असती तर भागाअक्का काही बोलण्याआधीच माझा हात सवयीने चालला असता, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

दौऱ्याच्या शेवटी धुळ्याला समारोप होता. सुइणींना प्रमाणपत्रं द्यायची होती. छापील फॉर्मवर दोन जागा होत्या, एक प्रशिक्षकाची आणि एक प्रशिक्षणार्थीची. मी पहिल्या जागी भागाअक्कांचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या जागी माझं. टेबलावरचे साहेब हसून म्हणाले, “सिस्टर, नावं उलटी पडलीत, दुसरा फॉर्म घ्या.” मी म्हटलं, “नाही साहेब, बरोबर पडलीत.” आयुष्यात मला मिळालेल्या कुठल्याही शाबासकीचा मला इतका अभिमान वाटला नसेल जितका ते वाक्य बोलताना वाटला. भागाअक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, “काय लिखं व पोरी?” मी वाचून दाखवलं. त्या उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझा हात धरून वर केला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हाई मनी चेली शे. ह्या हात मना शेतस.”

भागाअक्का आता नाहीत. सुमनची मुलगी चौथीत आहे, भारी तोंडाळ आहे, आणि श्रावणात तिची आई तिला घेऊन मला भेटायला येते. देव मला सापडला असं मी म्हणणार नाही. पण आपल्या हातात काही उरत नाही तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी हात काम करत असतो, आणि आपण थोडं थांबलो तर तो बोटांना लागतो, हे त्या मळ्यात मला कळलं आणि त्याबद्दल मी रोज हात जोडते. ती कैची अजून माझ्याकडे आहे. कितीही उकळली तरी तिच्या खिळ्यात कुंकवाचा बारीक लाल ठिपका राहिला आहे. बाळ आलं की मी ती दूरच ठेवते आणि दोन बोटं नाळेवर टेकवते. नव्या मुली घाईने विचारतात, “सिस्टर, कैची देऊ?” मी त्यांचा हात धरते, त्यांची बोटं नाळेवर ठेवते आणि विचारते, “काय लागतंय?” त्या आधी गोंधळतात, मग त्यांचा चेहरा बदलतो. आम्ही थांबतो. ठोके आपोआप शांत होतात. मग मी कैची मागते.