सोनकिडे, सासूबाई आणि एक मूठ तांदूळ

मंडळी, आमच्या तांदळात सोनकिडे झालेत. झालेत म्हणजे सहकुटुंब सहपरिवार राहायलाच आलेत.

आज त्यासाठी चक्क रजा टाकली. तांदळाचे दोन्ही डबे रिकामे केले, गरम पाण्याने घासले, गच्चीत कडक उन्हात वाळवले. जुना तांदूळ टाकून दिला आणि नारायण पेठेतल्या वाण्याकडून नवा आणला. एक डबा भरून झाला, दुसरा भरत होते. तेवढ्यात सासूबाई मूठ मिटून आल्या.

"डबा अगदी रिकामा करू नये गं. जुन्यातला थोडा बाजूला ठेवला होता मी. नव्यात मिसळते."

"अहो आई, त्यात किडे असतील!"

"छे! सकाळपासून निवडतेय. एकही नाही."

"बरं, पण त्या भरलेल्या डब्यात नका घालू."

"त्यात मघाशीच घातला."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांच्या. तरी खिडकीपाशी बसून दाणा न् दाणा निवडला होता.

त्यांनी मूठ उघडली. तांदळाबरोबर एक सोनकिडा पडला, सावरला आणि सावकाश नव्या तांदळात शिरला.

"बघ, आहे की नाही स्वच्छ?" त्या खुशीत म्हणाल्या.

"हो आई," म्हणाले आणि झाकण लावलं.

खरं सांगा, तुम्ही काय म्हणाला असतात?