बिजाचे काळे डाग

लकडगंजात आरागिरणीवर बिजाचं लाकूड चिरत असले की मला लांबूनच वासानं कळतं. मग घरी आल्यावर बसवत नाही. उठतो, पाणी पितो, फाटकापर्यंत जातो, परत येतो.

बिजा आमच्याकडे टेकड्यांच्या उतारावर साग-ऐनाच्या सोबतीनं वाढतो. त्याच्या लाकडाच्या पेल्यातलं पाणी साखरेचे रोगी पितात. साल खरवडली की लाल डिंक गळतो. जुवानं बैलाचा खांदा सोलला तर शेतकरी तो लावतात.

मी वनरक्षक होतो. एका पोळ्याला रजा न टाकता गावी गेलो. परतलो तर माझ्या हद्दीतला मोठा बिजा कोणीतरी तोडून नेलेला. बुंध्यावरचा डिंक अजून ओला, लाल होता. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते आणि मला चोर म्हणून कोणाला तरी पुढं करायचं होतं.

जवळच्या गावात आमच्याच रोजंदारीवरच्या एका मजुराच्या सदऱ्यावर डिंकाचे डाग दिसले. तो म्हणाला, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाचे खांदे शेकताना एक खांदा सोललेला दिसला, म्हणून बिजाची साल खरवडून डिंक आणला. खरंच होतं ते. डाग वाळून काळे पडले होते. झाड त्यानंतर तुटलं, हे मला दिसत होतं. पंचनाम्यात मी लिहिलं, ‘ताजे लाल डाग.’

त्याचं काम गेलं. गावानं त्याला मरेपर्यंत चोर म्हटलं.

त्याची मुलगी सीताबर्डीला कपड्यांचा ठेला लावते. मी तीनदा गेलो आणि तीनदा रुमाल घेऊन परतलो. चौथ्यांदा तिनंच विचारलं, इतके रुमाल कोणासाठी. तेव्हा सांगितलं. ती कुर्त्यांच्या घड्या घालत राहिली.

“मले सांगून काय होते, साहेब? माझा बाप चोर नोयता, हे मले माहीतच होतं. गावाले सांगा.”

मी म्हणालो, लिहून देतो, सही करून.

“कागद तुमी मांगंबी लिहिला होता.”

रविवारी तिच्यासोबत तिच्या गावी गेलो. ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. मी उभं राहून सगळं सांगितलं. काळा डाग कोणता, लाल कोणता, तेही. मग ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मंग झाड तोडलं कोनं गा?”

मी कधी शोधलंच नव्हतं.