दुपारचं माप

साळवे मिस्तरी सकाळी शेड उघडली की आधी आदल्या दिवशी स्वतःच आवळलेला एकेक बोल्ट पुन्हा पान्याने तपासायचे. तपासायचे म्हणजे अक्षरशः उलटतपासणी घ्यायचे. "हे काल कोणी आवळलं?" असं मोठ्यानं विचारायचे. शेडमध्ये दुसरं कुणी नसायचंच, कारण हाताखाली माणूस ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. मग उत्तरही स्वतःच द्यायचे, "मी." आणि पाना फिरवता फिरवता पुढे म्हणायचे, "त्याचा काय भरोसा?" मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा दारातच थांबले. ज्याचा स्वतःवर भरोसा नाही त्याच्या हातात मी माझं इंजिन द्यायला आले होते.

शहागडला गोदावरीच्या पुलाअलीकडे, हायवेला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. समोर एक कडुनिंब, त्याखाली ट्रकमधून काढलेली एक जुनी सीट बाकासारखी टाकलेली, आणि तिच्यावर चहा पीत बसलेले ड्रायव्हर. काम सगळं डिझेलचं. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या दिवसांत घनसावंगीकडच्या गाड्या. शेडवर लिंबू-मिरची कधी लटकली नाही. "इंजिनाला नजर लागत न्हाई, मॅडम, कचरा लागतो," म्हणायचे.

मी जालन्याला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. संशय माझ्या हाडात मुरलेला आहे. भाजीवाल्याचा काटा मी वाकून बघते. परीक्षेच्या हॉलमध्ये पोरांच्या मनगटापासून पाण्याच्या बाटलीच्या लेबलापर्यंत सगळं बघते. नवरा फोनवर "पोचलो" म्हणाला की मागचे आवाज ऐकते. अशा बाईला छंद लागला तो जुन्या गाडीचा. जिनिंगच्या एका बंद पडलेल्या गोदामात सरकीच्या पोत्यांमागे साठ वर्षांपूर्वीची, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी एक परदेशी स्पोर्ट्स कार पडून होती. ती मी घेतली. इंजिन जाम होतं. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, ऊन चढायच्या आत, वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर हौशी लोक अशा जुन्या गाड्या घड्याळ लावून पळवतात. तिथे एकदा तरी माझी गाडी पळावी, तीही तिच्या मूळ इंजिनावर, एवढंच माझं मागणं होतं. जालन्यातले गॅरेजवाले म्हणाले, जुनं फेकून द्या, नवं टाकून देतो. हेच इंजिन बांधून देतो म्हणणारे एकटे साळवे मिस्तरी निघाले. म्हणजे तसं तेही म्हणाले नाहीत. "खोलून पाहू. आत्ताच काय सांगू?" एवढंच म्हणाले.

त्यांचा संशय सगळ्यांवर सारखा होता, हे मात्र मानायला हवं. परदेशातून दीड महिन्याने आलेलं पिस्टनचं पाकीट मी मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, चक्क वास घेतला. "ओरिजनल आहे," मी म्हणाले. "पाकीट ओरिजनल हाय," ते म्हणाले, "आतलं काय ते पाहू." एकदा एक ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की ऑइल परवाच बदललंय. मिस्तरींनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं, चिमटीत चोळलं आणि म्हणाले, "हे ऑइल गेल्या दिवाळीचं हाय, अन् तुम्ही परवाचं बोलून राह्यले." बाकावरचे सगळे हसले, तो ड्रायव्हरही हसला. मिस्तरी तेवढ्यात ट्रकखाली शिरले होते.

आता दोन संशयी माणसांचं चांगलं जमायला हवं होतं. झालं उलटंच. मी गेले की ते इंजिनावर चादर ओढायचे. मोबाईलवर फोटो काढू द्यायचे नाहीत. जुने झिजलेले पिस्टन मी परत मागितले तर म्हणाले, "राहू द्या माझ्यापाशी काही दिवस." आणि सगळ्यांत खटकायची ती मापं. सिलिंडरचा व्यास, पिस्टनचा व्यास, ही मापं ते सकाळी साडेपाचला घ्यायचे, एकटे, दार लोटून, आणि एका लाल वहीत लिहून ठेवायचे. "मापाच्या वेळी आत कोणी नको," हा नियम. मी म्हटलं, दुपारी माझ्यासमोर घ्या ना. "दुपारचं माप मी धरत न्हाई," ते म्हणाले. मी कारण विचारलं नाही. मिस्तरी लोकांच्या काही समजुती असतात, त्यातलीच एक, असं मी धरून चालले. मनात मात्र दुसरंच आलं, की कुणी नसताना मापणाऱ्या माणसाला काहीतरी झाकायचं असतं.

मार्चच्या अखेरीस मी मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मापणारा एक मायक्रोमीटर विकत घेतला आणि पर्समध्ये घालून शहागडला गेले. मुद्दाम दोनच्या सुमाराला, मिस्तरींच्या जेवणाच्या वेळेला. "बसा, मी घरून जेवून येतो," म्हणाले आणि मला शेडमध्ये एकटीला सोडून गेले. जो माणूस स्वतःवर विश्वास ठेवत नव्हता तो माझ्यावर ठेवून गेला, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. चारही पिस्टन टेबलावर कापडावर मांडलेले होते, वही शेजारीच होती. मी घाईघाईने मापं घेतली. वहीतल्या आकड्यापेक्षा प्रत्येक पिस्टन मिलिमीटरच्या अडीच शतांशाने मोठा भरला. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये सोडायची फटच मुळी पाच शतांशांची, म्हणजे अर्धी फट गेली. मला त्याचा एकच अर्थ लागला. माझे पिस्टन कुठेतरी गेले आणि त्यांच्या जागी दुसरे आले.

मी मायक्रोमीटर पर्समध्ये टाकला आणि घरी आले. दोन आठवडे तो संशय मी घरात पाळला. नवरा म्हणाला, "अगं, विचार तर खरं त्यांना." पण विचारणं माझ्या स्वभावात नाही, पकडणं आहे. तोवर मिस्तरींनी इंजिन पूर्ण बांधून टाकलं.

शर्यतीला नऊ दिवस उरले असताना मी गेले. कडुनिंबाखाली पाच ड्रायव्हर चहा घेत होते आणि मिस्तरीही त्यांच्यात कप घेऊन उभे होते. त्या दिवशी ते खुशीत होते. "झालं, मॅडम. उद्या चालू करून पाहू."

मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "मिस्तरी, आतले पिस्टन माझे नाहीत. तुम्ही बदललेत."

बाकावरच्या गप्पा थांबल्या. मिस्तरींनी विचारलं, "तुम्ही मापले?"

"हो."

"कितीचा फरक?"

"अडीच शतांश. जास्त."

त्यांनी कप तसाच खाली ठेवला, आत गेले आणि इंजिनाच्या वरच्या भागाचे बोल्ट सोडायला लागले. चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो, असं मला वाटलं. मग एकदम लक्षात आलं की ते बांधलेलं इंजिन खोलतायत. त्याच्या सांध्यात बसवलेली पातळ गॅस्केट एकदा दाबली गेली की पुन्हा चालत नाही, आणि होती ती एकच. दुसरी यायला दीड महिना. "अहो, गॅस्केट जाईल! शर्यतीचं काय?" मी ओरडले.

"जाऊ द्या," ते मान वर न करता म्हणाले. "तुमचं माप बराबर असंल तर हे इंजिन दुसऱ्या चकरीला जाम होईल. गाडी जोरात असंल, अन् आत तुम्ही असाल. माझाच हात चुकला असंल कुठं. खोलल्याबिगर कळणार न्हाई."

मी त्यांना चोर म्हणाले होते. त्यांनी त्यातलं फक्त माप ऐकलं होतं.

संध्याकाळपर्यंत चारही पिस्टन पुन्हा टेबलावर आले. "तुमचा मायक्रोमीटर आज इथंच ठेवून जा, पिस्टनच्या बाजूला," ते म्हणाले. "सकाळी साडेपाचला या. तुम्हीच मापा." मला त्यातही काळंबेरं दिसलं. मी पिस्टन आणि मायक्रोमीटर एका खोक्यात घातले, वर कागद चिकटवला आणि प्रश्नपत्रिकेच्या पाकिटावर करतात तशा कडेकडेने सह्या ठोकल्या. मिस्तरी शांतपणे बघत होते. "हे बेस केलं," म्हणाले. टोमणा असावा म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो टोमणा नव्हता.

सकाळी शेड गार होती. "आधी सील पाहा," ते म्हणाले. सील शाबूत होतं. मी पहिला पिस्टन मापला. वहीतलाच आकडा आला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे वहीतल्यासारखे. मी पुन्हा पहिल्यापासून मापलं. मिस्तरींना घाई नव्हती.

"त्या दिवशी कधी मापले होते?" त्यांनी विचारलं.

"दुपारी. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा."

"अन् हा मायक्रोमीटर कुठं होता?"

"पर्समध्ये. गाडीत."

"ए.सी. लावून आल्त्या?"

पत्र्याखाली तापून फुगलेले पिस्टन मी गार मायक्रोमीटरने मापले होते. मिस्तरी म्हणाले, "मॅडम, कॉलेजात तुम्ही काय शिकवता म्हणाल्या होत्या?"

उष्णतेने धातू प्रसरण पावतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पितळी गोळा आणि कडी घेऊन प्रयोग करून दाखवते. त्या शेडमध्ये उभं राहून मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. "माझं चुकलं, मिस्तरी," मी म्हणाले. "माफ करा."

ते पिस्टन कापडात गुंडाळत होते. त्यांचा आवाज चढला नाही. "आळ बाहेर घेतला होता, मॅडम. माफी आत कशाला मागता?"

मी बाहेर गेले. कडुनिंबाखाली दोन माणसं होती, एक दात घासत होता. दोघंही आदल्या दिवशीची नव्हती. तरी मी त्यांना सांगितलं, की मिस्तरींनी काहीही बदललं नव्हतं, माप मीच चुकीचं घेतलं. "बरं, ताई," एक जण म्हणाला आणि चूळ भरायला गेला. ज्यांनी ऐकलं होतं ते पाच जण केव्हाच निघून गेले होते, कुणी सोलापूरच्या बाजूला, कुणी धुळ्याच्या. त्यांची नावंही मला माहीत नव्हती. वाटेत जिथे जिथे चहाला थांबले असतील तिथे तिथे त्यांनी काय सांगितलं असेल, हे मात्र मला न सांगता कळत होतं. आणि एक गोष्ट मी आजवर कुणापाशी बोलले नाही. मिस्तरींचं आडनाव साळवे नसून दुसरं काही असतं, माझ्या नात्यागोत्यातलं असतं, तर मी पाच लोकांदेखत एवढ्या मोठ्या आवाजात बोलले असते का? हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर समोर दिसायला लागलं की दुसऱ्या कामाला लागते.

त्या वर्षीची शर्यत हुकली. गॅस्केट आली, मिस्तरींनी इंजिन पुन्हा बांधलं, एका शब्दानेही जुनी गोष्ट काढली नाही. पुढच्या एप्रिलला गाडी पळाली. पहिली आली नाही, पण असा एकसारखा, गोल आवाज त्या धावपट्टीवर दुसऱ्या कुठल्या गाडीचा नव्हता. मी तिथूनच त्यांना फोन केला. माझं ओरडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ऑइल किती खाल्लं?"

"अजिबात नाही!"

"परत पाहा. गाडी सपाटीवर उभी हाय का? उतारावर चुकीचं दिसतं."

नंतर मी शहागडला जायचे तेव्हा शेडसमोर गाड्या कमी दिसायच्या. कधी एखादा ट्रॅक्टर, कधी तोही नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "नवीन गाड्यांना काम कमी असतं, मॅडम." मला ते पटायचं नाही. पण खरं काय ते विचारायचा मला धीर झाला नाही. पकडणारी बाई मी, या बाबतीत मात्र मला काहीही पकडायचं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांच्या पत्नीचा फोन आला. मिस्तरी सकाळी शेड उघडायला गेले आणि कुलपाशीच बसले, ते उठले नाहीत. जलदान विधीला मी गेले. विहारात वंदना झाली, फोटोला फुलं वाहिली. इस्त्रीच्या शर्टातला तो फोटो मला अनोळखी वाटला, हाताला काळं लागलेलं नव्हतं. नंतर मांडवात चहा घेत बसले तर शेजारी घनसावंगीकडचे एक ट्रकमालक होते. कधीकाळी त्यांच्या सगळ्या गाड्या मिस्तरींकडेच असायच्या, असं ते स्वतःहूनच सांगायला लागले.

"कारागीर एक नंबर होता," ते म्हणाले. "पण अखेरीला नियत फिरली म्हणे. जालन्याच्या कोण्या मॅडमचे पिस्टनच बदलून टाकले. मंग आम्ही गाड्या गेवराईला न्यायला लागलो."

"ती मॅडम मीच," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग तुम्हाला तर माहीतच असंल."

मी त्यांना सगळं सांगितलं. ती दुपार, गाडीतला ए.सी., खोक्यावरच्या सह्या, सकाळचा आकडा आणि वहीतला आकडा. हात जोडून सांगितलं की चूक माझी होती, ते इंजिन आजही चालतंय, आतले पिस्टन माझेच आहेत. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. मग रिकामा कप खुर्चीखाली ठेवला आणि उठता उठता म्हणाले, "एवढं होऊनसुद्धा तुम्ही त्याच्याबद्दल चांगलं बोलून राह्यल्या. मोठं मन हाय तुमचं, मॅडम."