बांगडीवाल्याची आबिदा परीक्षेला बसली

अहेरीच्या आठवडी बाजारात जाफरभाई बांगड्यांचं दुकान मांडायचे आणि बायकांच्या हातात बांगड्या भरायला त्यांची लेक आबिदा बसायची. गिऱ्हाइकं मराठी, गोंड, तेलुगू अशी सगळीच. त्यांच्याशी बोलता बोलता तिन्ही भाषा तिच्या जिभेवर बसल्या. छप्पन्न साली दौऱ्यावर आलेल्या एका डॉक्टरीणबाईंचं गोंड बाईशी बोलणं अडलं, तेव्हा मधे बसून आबिदानंच ते पार पाडलं. बाई जाफरभाईंना म्हणाल्या, "सातवी झालीय ना? मग चांद्याला पाठवा हिला, नर्सिंग शिकायला."

बिरादरीत कुजबुज झाली. जाफरभाई एवढंच म्हणाले, "बायांचे हात ते आजबी धरतेच. उद्या बिमार बाईचा धरन."

चांद्याच्या वसतिगृहात तिच्या खोलीत आली चामोर्शीकडची कमळा, धान पिकवणाऱ्या घरची. कमळा पुस्तक घडाघडा वाचायची. आबिदा मात्र त्यातल्या एकेका अवघड शब्दाला ठेचकाळायची. पण तिचा हात असा, की पोटातलं मूल आडवं की सरळ ते तळव्यालाच कळायचं. म्हणून दोघींनी आपसात ठरवून टाकलं: कमळानं वाचायचं, आबिदानं ऐकायचं, आणि वॉर्डात आबिदानं करून दाखवायचं, कमळानं शिकायचं. दोन वर्षं बरं चाललं.

शेवटची परीक्षा तोंडावर आली आणि कमळाला हिवतापानं गाठलं. अंग फणफणलेलं, अक्षरं डोळ्यांपुढे नाचायची. सिस्टरबाई म्हणाल्या, "घरी जा. पुढच्या खेपेला बस."

त्यांची पाठ वळताच कमळाला रडू फुटलं. "घरी गेलो का संपलंच. बाबानं सोयरीक पाहून ठेवली आहे. पास न होता गेलो, तर मले कोणी परत धाडत नाई."

आबिदानं पुस्तक ओढलं. "मी वाचतो."

"तू?"

"हळूहळू वाचीन. पन वाचीन."

सिस्टरबाईंची विनवणी करून कमळा वसतिगृहातच राहिली आणि आबिदा बोट ठेवून वाचू लागली. पण हिवतापावरच्या कुनैनच्या गोळ्यांनी कमळाचे कान असे बधिर झाले होते, की निम्मं ऐकूच येईना. ओरडून वाचावं तर शेजारच्या खोल्यांतून मुली हसायच्या. शेवटी आबिदानं पुस्तक मिटलं, उशीला लुगडं गुंडाळलं आणि तिची बाळंतीण केली. वार अडकली तर काय, रक्त थांबेना तर पहिला हात कुठे, सगळं करून दाखवायची आणि कमळाच्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायची. हसणाऱ्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या, मग आत येऊन बसल्या.

सिस्टरबाईंनी आबिदाला एकटीला गाठून विचारलं, "लेखीत तू कच्ची आहेस. तुझा अभ्यास कधी?"

"होऊन राह्यला ना बाई," आबिदा म्हणाली. तो होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सराव लिहिण्याचा हवा होता, आणि कमळाला टाकून लिहीत बसणं तिच्यानं होईना.

प्रात्यक्षिकाला परीक्षक बाई तिचे हात बघतच राहिल्या. लेखीला मात्र शेवटचा प्रश्न अर्धा असतानाच घंटा झाली. निकालात कमळा पास, आबिदा लेखीत नापास.

कमळा तिच्या गळ्यात पडली. "माह्यामुळंच झालं हे."

"येडी काय तू? तू पास झाली हे मले कमी आहे का?" आबिदानं तिचे डोळे पुसले. मग संडासाकडे जाऊन एकटीच रडली, तोंड धुतलं आणि ड्यूटीवर गेली.

पुढच्या खेपेपर्यंत ती रोज पाटीवर लिहायची. बोटं आखडायची, पुसायची, पुन्हा लिहायची. कमळा तेव्हा तिथंच नोकरीला लागली होती. संध्याकाळी येऊन चुका दाखवायची. उन्हाळ्यात आबिदा पास झाली.

सिस्टरबाई तिला चांद्यातच ठेवणार होत्या. "दवाखान्याच्या साहेबाले सांगून मले तिकडंच द्या," ती म्हणाली. तिकडं म्हणजे अहेरीपलीकडे सूरजागडच्या डोंगराकडे, गोंडांच्या वस्त्यांत, जिथं बैलांचं खाचरही निम्म्या वाटेपर्यंतच जायचं.

पहिलंच बोलावणं जंगू नावाच्या गोंडानं आणलं. त्याची बायको अडली होती. घरी पोहोचल्यावर मात्र गावची म्हातारी सुईण दारात आडवी बसली. ही शहरची पोर काय करणार, असं ती जंगूला गोंडीत म्हणाली. आबिदा वाद घालत बसली नाही. हात धुतले आणि गोंडीतच विचारलं, "आजी, कळा कधीपासून? पाणी गेलं का?"

म्हातारीनं दचकून वर पाहिलं. एकेक सांगू लागली. आबिदानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मूल आडवं वाटते. तुमी तिचे खांदे धरा, मी पाहातो."

म्हातारी उठली, दारातून बाजूला झाली आणि तिच्या आधी आत शिरून बाळंतिणीच्या उशाशी जाऊन बसली.

आबिदानं पोटावरून हात फिरवत मूल हळूहळू सरळ केलं आणि दिवस कलता कलता मुलगी झाली. बाळाला आंघोळ म्हातारीनंच घातली, आबिदा शेजारी बसून पाणी ओतत होती.