ताईच्या बासची बंद लाईन

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. कधी, तर अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी, रेवदंड्याजवळच्या एका गावात, हळदीच्या मांडवात. नवऱ्याला हळद लावून झाली होती, बायका हात धुऊन नाचायला उठल्या होत्या आणि बेंजो पार्टीचं दुसरं गाणं चालू होतं. केला कोणी, तर पार्टीच्या मास्तरने. हसलं कोण, तर सगळा मांडव. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तारा, लाकूड, स्पीकर असलं वाचताना ही कुणा हौशी पोरींची गोष्ट आहे असं वाटून कोणी पान उलटायला नको.

आमच्याकडे बेंजोशिवाय हळद होत नाही. मध्ये मास्तरचा बेंजो, एका बाजूला कीबोर्ड, दुसऱ्या बाजूला ढोल-ताशा आणि मागे बास गिटार. बेंजो किंचाळतो, बास खालून सगळं धरून ठेवतो. ताई म्हणायची, "बेंजोला लोक मान वर करून बघतात. बास कुणी बघत नाय, पण पाय त्याच्यावरच उचलतात." ती हे वस्तीतल्या एका काकांकडून शिकली. काका जयंतीच्या गाण्यांना बास वाजवायचे. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी स्वतःची गिटार विकली, पण ताईला मात्र सगळं शिकवून ठेवलं.

गिटार घ्यायला आम्ही पनवेलला गेलो. दुकानदाराने ताईकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे.

"तुमच्यासाठी? मग युकुलेले दाखवू का? त्यालाही चारच तारा असतात."

"चारच हव्यात, पण म्हशीच्या दाव्यासारख्या जाड," ताई म्हणाली. "काढा त्या तीन खाली."

तिन्ही बास तिने वायर न लावताच वाजवून पाहिल्या. लाकडाच्या कडेला कान टेकवायचा, एक तार छेडायची आणि आवाज मरेपर्यंत थांबायचं. दुकानदार दोनदा घड्याळ बघून आला. काळी चकचकीत बास मला आवडली होती. ताईने ती पट्ट्याने गळ्यात अडकवली आणि डावा हात सोडला. गिटारचं डोकं धपकन खाली गेलं. "ही वाजवायची की हिचं डोकं धरून उभं राहायचं?" म्हणून तिने ती परत दिली. घेतली ती तपकिरी, ओरखडे पडलेली, आखूड मानेची. तिच्या पंज्याला मानेवरचा पहिला पडदा, म्हणजे धातूची पहिली पट्टी, न ताणता लागत होती. तिला एवढंच बघायचं होतं.

घरी आणल्यावर खारं वारं लागलं. आमच्या दारात माशांचं वाळवण, पलीकडे खाडी. थोड्याच दिवसांत तारांवर तांबूस पूड धरली. मग आम्ही तेच केलं, जे आमच्या वस्तीत कुलपाला, बिजागरीला, कात्रीला करतात. खोबरेल तेल लावलं. अगदी मन लावून, चारी तारांना, चिंधीने. दुसऱ्या दिवशी बास वाजवली तर ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. तारांच्या वेढ्यांमध्ये तेल बसलं होतं आणि तेलात धूळ. ताईने तारा काढल्या, गुंडाळ्या केल्या आणि चुलीवर पातेल्यात उकळत ठेवल्या.

आईने झाकण उघडलं. "अगो, हे काय? आता तारांचं कालवण खायाचं व्हय?"

उकळून आवाज परत आला, पण टिकला नाही. शेवटी ताईने गुळगुळीत, चपट्या वेढ्यांच्या तारा शोधून लावल्या. त्यांच्या खाचांत मीठ बसत नाही आणि बोटांची सालं निघत नाहीत. आवाजही गोल, खोल. बेंजोच्या किंचाळीखाली असाच आवाज लागतो. नव्या तारांचा ताण जास्त, म्हणून मान वाकली. मानेच्या आतली लोखंडी सळई ती रोज पान्याने थोडी थोडी फिरवायची, मग तार आणि पडदा यांच्यामध्ये लग्नपत्रिकेचा कोपरा सरकवून बघायची. कोपरा अडकला तर तार फार खाली, सैल गेला तर फार वर. आमच्या घरातली एकही पत्रिका धड उरली नाही.

पार्टीत ती लागली ती पार्टीला बाई हवी होती म्हणून. मास्तरने तोंडावरच सांगितलं, "बॅनरवर पोरगी असली की सुपारी लवकर लागते." आम्ही तेही गिळलं. पहिल्या कार्यक्रमात त्यांनी तिची बास कीबोर्डच्या छोट्या ॲम्प्लिफायरला जोडली. खालचे सूर झेपले नाहीत, स्पीकरचा कागद फाटला. कुठल्याही बासने फाटला असता. मास्तर म्हणाला, "बाईमाणसाचा हात जड हाय." नंतर ताईने स्वतःचा बासचा ॲम्प आणला, जुना, मोठ्या स्पीकरचा. तो उचलून न्यायचं काम माझं. रिक्षावाले विचारायचे, "फ्रीज कुठं चाललाय, ताई?"

आता मांडणी नीट समजून घ्या, कारण अन्याय ह्या मांडणीतच होता. ताईच्या मागे तिचा ॲम्प. त्यातून एक वायर, तिलाच लाईन म्हणतात, मिक्सरला जायची आणि मिक्सरमधून लोकांसमोरच्या मोठ्या बॉक्सना. मिक्सरवर मास्तरचा भाचा बसायचा. ताईला स्वतःचा आवाज ॲम्पमधून ऐकू यायचा. मी ॲम्पशेजारीच उभी, त्यामुळे मलाही. आणि दोघींची समजूत अशी की हाच आवाज पुढे जातोय.

त्या संध्याकाळी दुसऱ्या गाण्यात कीबोर्ड बंद पडला. प्लग सुटला असेल. आणि त्याच क्षणी नाचणाऱ्या बायका थबकल्या. गाण्याच्या पोटातलंच काहीतरी गेलं होतं. ताशा चालू, बेंजो चालू, ताईची बोटं चालू, माझ्या पायाशी ॲम्प थरथरतोय. आणि समोरच्या बॉक्समधून खालचा एकही सूर नाही.

नवऱ्याचा मामा ओरडला, "ओ बाई, वाजवा की!"

"वाजवतेय की!" ताई म्हणाली.

भाचा त्या मामाकडे बघून फिदीफिदी हसला. "मामा, तिची लाईन कधी चालू असते? बास मी कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचा देतो."

मास्तरने बेंजो थांबवला. माणसाला लाज असती तर तो गप्प बसला असता. त्याने माईक उचलला. "मंडळी, रागावू नका. मांडवाला आंब्याचं टहाळं बांधतो ना आपण? ते काय वाजतं? शोभेला असतं. तशी आमची बाई हाय."

हशा. शिट्ट्या. पुढे बसलेल्या एका बाईने तोंडाला पदर लावला, पण हसली तीही.

ताई वळली आणि तिने मला विचारलं, "म्हणजे सगळा मोसम?" सगळा मोसम. प्रत्येक मांडव. पत्रिकेच्या कोपऱ्याने मोजलेली प्रत्येक तार.

ती रडली नाही. मास्तरसमोर जाऊन उभी राहिली. "लाईन उघडा. एक गाणं."

"हट्ट न्हाय करायचा."

"एक गाणं, मास्तर. मग तुम्ही म्हणाल तर जाते."

मास्तरने भाच्याला खूण केली. आता बेंजो पार्टीतली एक रीत सांगते. गाणं कुठल्या पट्टीत वाजवायचं ते मास्तर बोटं खाली करून दाखवतो. एक बोट म्हणजे काळी एक, पेटीवरची पहिली काळी पट्टी, दोन बोटं म्हणजे काळी दोन. आवाजाच्या गोंधळात बोलून सांगता येत नाही, म्हणून सगळे त्या बोटांवर विश्वास ठेवतात. गाणं सुरू होईपर्यंत दुसरा आधारच नसतो. मास्तरने दोन बोटं दाखवली. मी पाहिली, ताईने पाहिली. आणि त्याने बेंजो काळी एकमध्ये सुरू केला.

ताईच्या बासचा आवाज त्या मोसमात पहिल्यांदा मोठ्या बॉक्समधून लोकांच्या कानांवर पडला तो असा. मोठा, खोल, आणि उघडानागडा बेसूर. लोकांनी कानांवर हात ठेवले. दोन ओळींत तिने ओळखलं. हात सरकवला, सूर बेंजोला जाऊन मिळाला, आणि मिळाल्या मिळाल्या भाच्याने लाईन बंद केली. बरोबर वाजवलेलं फक्त मी ऐकलं, ॲम्पपाशी.

"ऐकलंत?" मास्तर माईकवर म्हणाला. "म्हणून बंद ठेवतो."

मी ओरडले, "बोटं दोन दाखवली होती!" तर नवऱ्याचा मामा म्हणाला, "पोरी, हळदीला आलीस का मोर्चाला?" पुन्हा हशा. खिदळत हसतात माणसं, दुसऱ्याचं मोडताना.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. त्यात फक्त त्या दोन ओळी आहेत. त्याआधीची बोटं नाहीत, नंतरचा मिळालेला सूर नाही. तो अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत फिरला. ताईने नंतर चार पार्ट्यांकडे विचारलं. एकाने सांगितलं, जागा नाही. एकाने फोनवरच तो व्हिडिओ वाजवून ऐकवला. बाकीच्यांनी फोन उचलला नाही. मास्तरला मात्र येत्या तुळशीच्या लग्नानंतरच्या सुपाऱ्या आत्ताच लागल्यात. बॅनरवर नवी मुलगी आहे, गळ्यात लाल गिटार. तिचा ॲम्प चालू असेल. तिला वाटत असेल, वाजतंय.

ताई अजून रोज वाजवते, दार लावून. मी तिला म्हटलं, मी हे लिहिते. ती म्हणाली, "लिही. पण माझी दया करायला लावू नको. ऐकायला लाव."

म्हणून मागणी एकच, आणि ती मास्तरकडे नाही, तुमच्याकडे आहे. सुपारी तुम्ही देता. हसता तुम्ही. तुमच्या घरच्या हळदीला पार्टी उभी राहिली की पहिल्या गाण्याआधी मिक्सरपाशी जा. कीबोर्ड बंद करायला सांगा. त्या मुलीची लाईन उघडायला लावा आणि ती एकटी वाजवत असताना बॉक्ससमोर उभे राहा. आवाज आला नाही, तर त्याच जागी सुपारी परत मागा आणि त्या पार्टीला मांडवाबाहेर काढा.